साधेपणा भाड्याने मिळेल: राजकीय इमेज मॅनेजमेंट सर्व्हिसचा रिव्ह्यू (२/५)

रेटिंग आधीच सांगून टाकतो, पाचपैकी दोन स्टार. एक फोटोग्राफीला, त्यात वादच नाही, आणि दुसरा का दिलाय ते खाली येईलच, तो वाचून काही जण चिडणार आहेत तेही माहितीये.

आजवर मी मिक्सर, हेडफोन, ट्रॅव्हल बॅग, एकदा तर मानदुखीच्या उशीचा पण रिव्ह्यू लिहिलाय, पण ही सर्व्हिस जरा वेगळी आहे कारण मी ती दोन्ही बाजूंनी वापरलीये. मतदार म्हणून तर आपण सगळेच वापरतो, कोणी विचारून थोडीच चालू करतं, आणि बंद करायचं बटण कुठेच नाही. पण एका इलेक्शनच्या आधी सात महिने मी एका पक्षाच्या सोशल मीडिया टीमला डिझाइनचं काम पण करून दिलंय, फ्रीलान्स. पक्ष कुठला ते विचारू नका. सांगितलं तरी काही फरक पडणार नाही म्हणा, कारण माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा पोरगा मागच्या इलेक्शनला समोरच्या पक्षाकडे हेच काम करायचा आणि फॉन्टचं फोल्डर त्याने तिकडून जसंच्या तसं उचलून आणलं होतं, त्यामुळे दोन्ही पक्षांच्या "भविष्याकडे वाटचाल" वाल्या पोस्टमधला "भ" एकच आहे. बघा कधी शेजारी शेजारी लावून.

तर सर्व्हिस नक्की देते काय? नेत्याकडे जी गोष्ट कमी आहे ती जास्त दिसेल अशी व्यवस्था. बास. पहिल्याच दिवशी मला एक एक्सेल शीट दाखवली होती, एका कॉलममध्ये "लोकांचा आक्षेप" आणि त्याच्या समोर "कंटेंट". आक्षेप: गर्विष्ठ आहेत. कंटेंट: म्हाताऱ्या माणसांचा हात हातात घेतलेले फोटो, आठवड्याला तीन. आक्षेप: फोन उचलत नाहीत. कंटेंट: फोनवर बोलतानाचे फोटो. हे मी रंगवून सांगत नाहीये. फोन उचलायला सांगू या असं त्या मीटिंगमध्ये कोणी सुचवलं पण नाही, आणि खरं सांगायचं तर मला पण सुचलं नाही, मी लाइटिंगचा विचार करत होतो.

पॅकेजमधला सगळ्यात भारी आयटम म्हणजे साधेपणाचा शूट. एका कार्यकर्त्याच्या घरी साहेब जमिनीवर बसून गप्पा मारतायत, एवढंच दाखवायचं होतं. आदल्या दिवशी टीम जाऊन खोली बघून आली, भिंतीवरचा मोठा टीव्ही काढून ठेवला कारण तो "साध्या घरात" बसत नव्हता, म्हणजे घर खरोखर साधंच होतं पण आमच्या डोक्यातल्या साध्यापेक्षा एक टीव्ही जास्त होता. त्या घरातल्या पोराला पण फ्रेमबाहेर काढलं, त्याच्या टीशर्टवर मोठा लोगो होता. साहेब आले आणि शूट बघणाऱ्या मॅडमचं पहिलं वाक्य काय असेल? "साहेब, घड्याळ." साहेबांनी मुकाट्याने घड्याळ काढून पीएच्या हातात दिलं, इतक्या सवयीने की कळलंच, हे रोजचं आहे. शर्ट दोन आणले होते, एक कडक इस्त्रीचा आणि एक मुद्दाम थोडा चुरगळलेला. चुरगळलेला निवडला. वीस मिनिटांत काम संपलं, फोटो असा अप्रतिम आला की काय सांगू, खिडकीतून येणारा उजेड अर्ध्या चेहऱ्यावर, कार्यकर्त्याच्या आईचं हसू तर शंभर टक्के खरं. तो पहिला स्टार तिथला आहे. कॅप्शन मीच लिहिलं, "माणसातला माणूस". टीव्ही परत भिंतीवर लावायला मात्र कोणी थांबलं नाही.

घड्याळावरून आठवलं, २०१२ साली रशियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या प्रमुखांच्या एका फोटोतून त्यांच्या वेबसाइटवाल्यांनी मनगटावरचं महागडं घड्याळ एडिट करून उडवलं, पण गुळगुळीत टेबलावर पडलेलं त्याचं प्रतिबिंब उडवायला विसरले. मनगट रिकामं आणि टेबलात घड्याळ. हे राजकारणातलं नाही मान्य, पण आमच्या धंद्यात हा फोटो धड्यासारखा दाखवतात. धडा काय घेतात? प्रतिबिंब पण उडवा.

लोकांना वाटतं हे सगळं मोबाइल आल्यापासूनचं आहे. छे. प्रॉडक्ट जुनंय, नव्वद वर्षं होऊन गेली. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियात क्लेम व्हिटेकर आणि लिओनी बॅक्स्टर या जोडीने कॅम्पेन्स इन्कॉर्पोरेटेड नावाची कंपनी काढली, इलेक्शन लढवून देणं हाच धंदा असलेली ही पहिली कंपनी मानतात. पुढच्याच वर्षी गव्हर्नरच्या निवडणुकीत लेखक अप्टन सिंक्लेअर उभा होता, तर यांनी त्याची पुस्तकं धुंडाळून त्यातली वाक्यं काढली, त्यात कादंबरीतल्या पात्रांच्या तोंडची पण, आणि हे बघा सिंक्लेअर काय म्हणतो म्हणून पसरवली. सिंक्लेअर हरला. म्हणजे संदर्भ कापून क्लिप व्हायरल करणं हे १९३४ चं फीचर आहे, आपण उगाच आताच्या आयटी सेलला श्रेय देतो.

आणि १९५२ चा आयझेनहॉवर, लष्करातला जनरल, तेव्हा अमेरिकेच्या अध्यक्षपदाला उभा. हा माझा सगळ्यात आवडता किस्सा आहे कारण यात डिझाइन फार स्वच्छ आहे. अ‍ॅनासिनच्या जाहिराती करणारा रॉसर रीव्हज नावाचा माणूस, त्याने आयझेनहॉवरच्या छोट्या छोट्या टीव्ही जाहिराती केल्या, साधा माणूस प्रश्न विचारतो आणि जनरल थेट उत्तर देतात अशा. फक्त झालं उलटं होतं. जनरलची सगळी उत्तरं एका दिवसात आधी शूट करून घेतली आणि नंतर सामान्य दिसणारी माणसं शोधून त्यांच्याकडून ते ते प्रश्न वाचून घेतले. उत्तर आधी, प्रश्न मागाहून. शूटच्या मधल्या वेळात आयझेनहॉवर पुटपुटला म्हणे की म्हाताऱ्या सैनिकावर ही वेळ यावी. मला तो माणूस त्या एका वाक्यामुळे आवडतो, निदान लाज तरी वाटली. आज जनता दरबार म्हणून जे लाइव्ह चालतं त्यातले निम्मे प्रश्न आमच्या टीमचा एक मुलगा वेगवेगळ्या अकाउंटवरून टाईप करायचा, त्याला काही वाटत नव्हतं, तो फक्त विचारायचा की या वेळी काका होऊ का विद्यार्थिनी.

त्याच १९५२ च्या इलेक्शनमध्ये निक्सन उपाध्यक्षपदाचा उमेदवार होता आणि त्याच्यावर साधारण १८ हजार डॉलरच्या एका फंडावरून आरोप झाले, तर तो टीव्हीवर आला, स्वतःची मिळकत, कर्ज, बायकोचा साधा कोट सगळं सांगितलं आणि मग म्हणाला की हो, एक भेट मात्र आलीये, कुत्र्याचं पिल्लू, चेकर्स नावाचं, पोरींचा जीव आहे त्याच्यावर, आणि ते काही आम्ही परत देणार नाही. झालं. प्रश्न फंडाचा होता, लोकांच्या लक्षात पिल्लू राहिलं. आजही आरोप झाला की दुसऱ्या दिवशी नेत्याचा कुटुंबाबरोबरचा फोटो येतो की नाही बघा.

यापेक्षा पुढचा किस्सा म्हणजे पॅकिंग आणि आतला माल यांच्यातल्या अंतराचा नमुनाच आहे. १९७८ मध्ये ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षासाठी साची अँड साची कंपनीने पोस्टर केलं, बेरोजगारांची लांबच्या लांब वळणावळणाची रांग आणि वर लिहिलंय की लेबर काही चालत नाहीये, म्हणजे लेबर पक्षावर पण कोटी आणि कामगारांच्या हातांना काम नाही हे पण. अप्रतिम पोस्टर, डिझायनर म्हणून मी आजही उभा राहून सलाम करीन. पण त्या रांगेत बेरोजगार कोणीच नव्हतं, पक्षाचे तरुण कार्यकर्ते होते, आणि शंभर येणार होते ते वीसच्या आसपासच आले म्हणून तेच तेच लोक जागा बदलून बदलून परत शूट केले आणि रांग लांबवली. त्याच पक्षाच्या थॅचर १९७९ ला निवडून आल्या. आणि मग १९८२ मध्ये बेरोजगारांचा आकडा ३० लाखांच्या वर गेला. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात ते हे. रांग पुरवायला कार्यकर्ते लागले नसते तेव्हा.

आता मुद्द्याचं. प्रॉडक्ट चालतं का?

इथे मी जरा कन्फ्यूज आहे आणि आमच्या टीममध्ये पण कोणाला नक्की माहीत नव्हतं, फक्त बोलत कोणी नव्हतं. एकीकडे २००५ चा प्रिन्स्टनचा एक अभ्यास आहे, टोडोरोव्ह नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या टीमचा. लोकांना अमेरिकेच्या सिनेटच्या दोन उमेदवारांचे नुसते चेहरे दाखवले, ओळखीचे चेहरे वगळून, आणि विचारलं यातला जास्त कर्तबगार कोण वाटतो, तर जो वाटला तोच जिंकल्याचं जवळपास ७० टक्के लढतींमध्ये निघालं, आणि एक सेकंद चेहरा दाखवला तरी पुरत होता. हे वाचलं की वाटतं आमचं बिल कमीच आहे. पण दुसरीकडे २०१८ मध्ये काला आणि ब्रुकमन या दोघांनी ४९ फील्ड प्रयोगांचा हिशोब मांडला आणि काढलं काय, तर अमेरिकेतल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रचाराच्या जाहिराती आणि घरोघरी जाऊन बोलणं याने मतदाराची पसंती बदलण्याचा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास. शून्य! म्हणजे ज्याचं मत आधीच ठरलंय त्याला आपण अजून एक छान पोस्टर दाखवतो.

माझा स्वतःचा अंदाज सांगू का, सात महिने बसून आलेला? या सर्व्हिसचा खरा गिऱ्हाईक मतदार नाहीच. गिऱ्हाईक म्हणजे साहेब. प्रत्येक क्रिएटिव्ह अप्रूव्हलला जायचं ते साहेबांच्या भाच्याकडे, आणि भाचा काय बघायचा, मतदार काय म्हणेल हे? नाही, "मामांना आवडेल का". साहेबांना स्वतःचा चेहरा डावीकडून आवडायचा नाही म्हणून सात महिने त्या पक्षाचं भविष्य उजवीकडेच बघत होतं. एक सर्व्हे आला होता, त्यात लोकांनी लिहिलं होतं की पोस्ट खूप येतात, कंटाळा येतो. तो सर्व्हे वर पाठवताना "कंटाळा" च्या जागी "भरपूर पोहोच" असं लिहिलं गेलं. म्हणजे आम्ही नेत्याची इमेज मतदारापुढे मॅनेज करत होतो आणि मतदाराची इमेज नेत्यापुढे. दोघंही एकमेकांना ओळखत नाहीत आणि मधले आम्ही तेवढे पोट भरतोय.

टिकाऊपणा. इथे प्रॉडक्ट सपाटून मार खातं, आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा बिघाड यंत्रणेतूनच होतो. २८ एप्रिल २०१०, ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन इलेक्शनच्या प्रचारात रॉचडेलला एका बाईंशी छान हसून बोलले, मग गाडीत बसले आणि तिला नावं ठेवायला लागले, कोत्या मनाची बाई वगैरे. कॉलरला टीव्ही चॅनलचा माइक तसाच चालू. लोकांत मिसळताना दिसावं म्हणूनच तो माइक लावलेला ना! पुढे रेडिओच्या स्टुडिओत त्यांना ती टेप ऐकवली तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला, त्यांना वाटलं रेडिओ आहे, कोण बघतंय, तर तिथे पण कॅमेरा होता. एकाच दिवसात दोनदा.

जर्मनीचे आर्मिन लाशेट, तिथल्या चॅन्सलरपदाचे उमेदवार, २०२१ चा जुलै, पुराने माणसं गेलेली, राष्ट्राध्यक्ष समोर गंभीरपणे बोलतायत आणि हे मागे उभे राहून कशावरून तरी खळखळून हसतायत. काही सेकंदांचं फुटेज. सप्टेंबरमध्ये त्यांच्या आघाडीला २४.१ टक्के मतं पडली, तोवरची त्यांच्या इतिहासातली सगळ्यात कमी. आता नुसत्या हसण्यामुळे हरले असं म्हणणं बालिश होईल, पण तो माणूस तिथे गेला होता तो गंभीर दिसायलाच.

पण पहिला नंबर लंडनचा. लॉकडाऊनमध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सरकारने रोज टीव्हीवर पत्रकार परिषद घ्यायची म्हणून एक नवी खोली सजवली, साधारण २६ लाख पौंड खर्च करून. डिसेंबर २०२० मध्ये त्यांच्या माणसांनी पत्रकार परिषदेची रंगीत तालीम केली आणि तालमीत कोणीतरी खोटा पत्रकार होऊन विचारलं की शुक्रवारी रात्री इथे पार्टी झाली म्हणे, तर प्रवक्त्या बाईंना हसू आवरेना. पत्रकार परिषदा पुढे बारगळल्या. राहिलं काय? तालमीचा व्हिडिओ. तो एका वर्षाने बाहेर आला, आणि एप्रिल २०२२ मध्ये लॉकडाऊनचे नियम मोडल्याबद्दल पंतप्रधान आणि अर्थमंत्री दोघांना दंड झाला, पोलिसांनी एकूण १२६ दंडाच्या नोटिसा काढल्या. विचार करा, खरं बोलताना दिसावं म्हणून आखलेल्या पत्रकार परिषदांच्या तालमीत खोटं बोलायची प्रॅक्टिस रेकॉर्ड झाली. मी क्लायंट असतो तर खोलीचे पैसे परत मागितले असते.

आता हे सगळे किस्से शेजारी शेजारी ठेवले की एक पॅटर्न दिसतो, आणि रिव्ह्यू लिहायला बसलो तो खरं तर यासाठी. माणूस कशाने पडतो? गुन्हा किती मोठा यावर नाही. ज्या गुणाची जाहिरात केली त्याच गुणात माल खराब निघाला की पडतो. फ्रान्सचा जेरोम काह्युझाक, कर बुडवणाऱ्यांच्या मागे लागलेला अर्थसंकल्प मंत्री, आणि त्याचंच परदेशात गुप्त खातं निघालं, डिसेंबर २०१२ मध्ये संसदेत छातीठोक सांगितलं की असं खातं नाही आणि कधी नव्हतं, एप्रिल २०१३ मध्ये कबूल केलं. फ्रान्सचाच फ्राँस्वा फियों, अध्यक्षपदाच्या शर्यतीत स्वतःच्या प्रामाणिकपणावर उभा, प्रतिस्पर्ध्याला टोमणा मारताना म्हणाला की आपले थोर माजी अध्यक्ष द गॉल यांच्यावर कधी आरोप ठेवले जातील अशी कल्पना तरी करवते का, आणि सहा-सात महिन्यांत बायकोला काम न करता पगार दिल्याच्या प्रकरणात स्वतःवरच ती वेळ आली. ब्रिटनचा पंतप्रधान जॉन मेजरने १९९३ मध्ये "मूळ मूल्यांकडे परत" अशी घोषणा दिली, मग एकेक खासदाराची लफडी बाहेर यायला लागली, आणि २००२ मध्ये कळलं की त्या घोषणेच्या काही वर्षं आधी साहेबांचं स्वतःचंच एका सहकारी खासदार बाईंशी प्रकरण होतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून. हे सर्व्हिसवाले सांगत नाहीत, ब्रोशरमध्ये तर नाहीच: जिथे तुम्ही स्पॉटलाइट मारून घेता तिथलाच डाग दिसणार. अंधारात सगळ्यांचेच शर्ट पांढरे असतात.

आफ्टर सेल्स सर्व्हिस म्हणजे माफी. इथे ब्रिटनच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाचा नेता निक क्लेगचं नाव घ्यावंच लागेल. २०१० च्या इलेक्शनआधी या बाबाने विद्यार्थ्यांच्या फीवाढीला विरोध करू असं लेखी वचन दिलं, सह्या करतानाचे फोटो काढले, आणि सरकारमध्ये गेल्यावर त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये फीची मर्यादा जवळपास तिप्पट करायच्या बाजूने मत दिलं. २०१२ मध्ये व्हिडिओ काढून माफी मागितली, पण नीट ऐकलं तर भर वचन मोडल्यावर कमी आणि असं वचन द्यायलाच नको होतं यावर जास्त होता! फार बारीक कलाकुसर आहे ही, लिहिणाऱ्याला बक्षीस द्यायला पाहिजे. लोकांनी त्याचं गाणं करून टाकलं. २०१५ मध्ये पक्ष ५७ जागांवरून ८ वर आला.

आमच्याकडे आफ्टर सेल्स म्हणजे डिलीट. एक समोरच्या पक्षाचे नेते होते, त्यांच्यावर आम्ही चार महिने तुटून पडलो होतो, मीच केलेल्या साठेक पोस्ट असतील, त्यांचा एक फोटो घेऊन काळा-पांढरा केलेला, कॉन्ट्रास्ट वाढवलेला, डोळ्यांखाली जरा सावली भरलेली, वर लाल अक्षरात "उत्तर द्या". एका रात्री साडेअकराला फोन आला, दादा, ते सगळं काढून टाक आणि सकाळी सातपर्यंत स्वागताचं क्रिएटिव्ह पाहिजे. म्हटलं फोटो पाठवा नवीन. म्हणे नवीन नाहीये, जो आहे तो वापर. तर मी तोच फोटो घेतला, सावली काढली, रंग परत आणला, थोडा सोनेरी टोन मारला, मागे सूर्योदय. "नव्या पर्वात स्वागत". तोच चेहरा, तेच हसू, आधी ते कपटी वाटत होतं आणि आता प्रेमळ. खोटं सांगत नाही, काम झाल्यावर मला स्वतःचा अभिमान वाटला, आणि मग पाच मिनिटांनी जरा कसंतरीच झालं, आणि मग झोप लागली. "उत्तर द्या" चं उत्तर काय होतं ते मला आजतागायत माहीत नाही.

आता म्हणाल बाहेरच्यांचेच किस्से सांगतोय. तर घ्या. ३ जून २०१३ ला केंद्रीय माहिती आयोगाने निकाल दिला की सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराच्या कायद्याखाली येतात, त्यांनी माहिती अधिकारी नेमावेत. पारदर्शकतेवर भाषण न केलेला यातला एकही पक्ष नाही. पाळलं कोणी? कोणीच नाही. टीव्हीवर एकमेकांची गचांडी धरणारे सगळे या एका बाबतीत असे एकजीव की कुटुंब वाटावं. दुसरं, फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गुन्हे दाखल असलेला उमेदवार दिलात तर तोच का दिला याची कारणं प्रसिद्ध करा, आणि निवडून येण्याची शक्यता एवढं कारण चालणार नाही. मग फॉर्ममध्ये कारणं आली. लोकप्रिय आहेत, समाजकार्य चांगलं आहे, केस राजकीय हेतूने आहे. तीच वाक्यं, नाव बदलून. टेम्प्लेट म्हणजे काय ते मला ओळखू येतं हो, पोट त्यावरच आहे. बिहारच्या निवडणुकीत आदेश नीट पाळला नाही म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये आठ पक्षांना दंड झाला, त्यात सत्तेतले पण होते आणि विरोधातले पण.

असो. आता त्या दुसऱ्या स्टारचं.

हल्ली मार्केटमध्ये नवीन मॉडेल आलंय, आणि आमच्या टीममध्ये सगळ्यांना तेच विकायचं होतं. यात साधेपणाचा शूट नाही, घड्याळ काढायचं नाही, उलट मोठं घालायचं. टॅगलाइन अशी की बाकीचे ढोंगी, आमचा माणूस जसा आहे तसा, तोंडावर बोलतो, शिवी पण देतो, खाल्ले तर सांगून खातो. आणि लोकांना आवडतं! कारण पण आहे, येल विद्यापीठातल्या जिलियन जॉर्डन आणि मंडळींचा २०१७ चा अभ्यास आहे की आपल्याला ढोंगी माणसाचा राग वाईट कामापेक्षा खोट्या चांगुलपणाच्या जाहिरातीचा जास्त येतो, आणि तोच माणूस जर म्हणाला की मी पण कधी कधी हे करतो, तर राग बराच उतरतो. आमच्या स्ट्रॅटेजीवाल्या सरांनी हे कुठूनतरी वाचलं होतं आणि त्यातून काढलं काय, तर मग चांगुलपणाची जाहिरातच बंद करू, पडायची भीतीच नको. ज्याने कधी प्रामाणिक असल्याचा दावाच केला नाही त्याला अप्रामाणिक म्हणून पकडणार कसं? रेकॉर्डिंग बाहेर आलं तर म्हणायचं, हो मीच आहे, मग? टाळ्या.

मी तेव्हा मीटिंगमध्ये गप्प होतो पण इथे लिहितो. मला जुनं ढोंगी मॉडेल परवडलं. कारण त्याला निदान कान आहेत, धरता येतात. काह्युझाक खोटं बोलला म्हणून फ्रान्समध्ये ओरडा झाला आणि त्याच वर्षी, २०१३ मध्ये, मंत्री-खासदारांनी मालमत्ता जाहीर करायचा कायदा झाला, ती तपासायला वेगळं प्राधिकरण आलं. लंडनमध्ये दंड झाला तो त्यांनीच टीव्हीवर येऊन लोकांना सांगितलेल्या नियमाखाली. तू म्हणाला होतास ना, मग? एवढा एकच प्रश्न मतदाराकडे आहे, आणि नवीन मॉडेलमध्ये तोच काढून घेतलाय, काही म्हटलंच नाही तर विचारणार काय. साहेब घड्याळ काढायचे तेव्हा त्यांना हे तरी माहीत होतं की घड्याळाबद्दल कोणीतरी विचारेल. तो दुसरा स्टार त्या घड्याळ काढण्याला आहे. नवीन मॉडेलला मी वेगळा रिव्ह्यू लिहिणार नाही, शून्य द्यायची सोय कुठेच नसते.

आता याचा अर्थ सगळा दुटप्पीपणा मला चालतो असं नाही, आणि दर वेळी तो दुटप्पीपणाच असतो असंही नाही. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटनच्या एका खाजगी भाषणाचा मजकूर लीक झाला, त्यात ती म्हणत होती की तडजोड घडवायची तर एक जाहीर भूमिका लागते आणि एक खाजगी. लोकांनी धुतली तिला. मला ते वाचून वाटलं की बाई बरोबर बोलतीये, घरातली भांडणं मिटवताना आपण दुसरं काय करतो, फक्त हे बोलून दाखवायचं नसतं.

कोणी घ्यावी ही सर्व्हिस? मतदाराला चॉइस नाही, त्यामुळे त्याला सल्ला पण नाही, फक्त एक टिप, साधेपणाच्या फोटोत माणसाकडे बघू नका, भिंतीकडे बघा, टीव्हीचे चार स्क्रू दिसतात का. नेते मंडळींना सांगेन की फोटोग्राफर चांगला घ्या, भाच्याला अप्रूव्हल देऊ नका, आणि माइक काढून पीएच्या हातात द्यायची सवय पण घड्याळासारखीच लावून घ्या. डिझायनर असाल तर अ‍ॅडव्हान्स घ्या. मी शेवटच्या महिन्यात "पारदर्शक कारभार, हिशोब चोख" या कॅम्पेनचे चौदा क्रिएटिव्ह केले होते, सगळे अप्रूव्ह झाले, सगळे लागले, त्यांचं बिल दोन वर्षं झाली अजून अकाउंट्सकडे आहे. मागच्या आठवड्यात परत फोन केला. तिकडून म्हणाले दादा, तुमचं नाव कुठे दिसत नाहीये, तुम्ही नक्की आमच्याकडेच होतात ना?